मालवणची अनामत

लोक मालवणला समुद्र बघायला जातात. मी अनामत परत आणायला गेलो होतो. समुद्र वाटेत लागला, तो बघितला. ज्यांना तिकडे जायचं आहे पण अजून जमलेलं नाही, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे. ज्यांची अनामत कुठे अडकली आहे त्यांनाही उपयोग होईल, पण त्याची हमी देत नाही.

सांगली

आमची सोसायटी कृष्णेपासून फार लांब नाही. ज्या पावसाळ्यात नदी पार्किंगमधून थेट जिन्यापर्यंत आली, त्या दिवाळीत पेंडसे म्हणाले, "दर वेळी पाणीच आपल्याकडे येतं. एकदा आपण पाण्याकडे जाऊ या." पेंडसे तळमजल्यावर राहत, त्यामुळे पाण्याविषयी बोलायचा पहिला मान त्यांचा. सात बिऱ्हाडं तयार झाली. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून पाण्याची सहल माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत सगळ्यांची वर्गणीही माझ्याकडे आली.

मी कोल्हापूरला एका मुक्कामाचं हॉटेल ठरवलं, मिनीबस ठरवली, आणि मालवणच्या उत्तरेला समुद्रालगतच्या एका गावात आप्पा धुरी नावाच्या गृहस्थांच्या घरी राहायची सोय केली. तिघांनाही अनामत पाठवली. पेंडशांनी समुद्रावर घालायला गवती हॅट आणली आणि ती घालून ते गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. निघायच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही कुठेतरी निघालेला असाल.

हॉटेलची खोली मोबाइलवरच्या एका ॲपमधून घेतली होती. त्या ॲपमध्ये एक बाई अहोरात्र उत्तरं द्यायची. "प्रिय ग्राहक, आपली अडचण आम्ही समजू शकतो." ती तिने बरेच महिने समजून घेतली. मग एका सकाळी पैसे खात्यात येऊन पडले. आभार मानावेत म्हणून मी तिला लिहिलं, तर तिने विचारलं, आपली अडचण काय आहे? मिनीबसवाल्याने पैशांऐवजी कूपन दिलं. कूपन वर्षभर चालणार होतं आणि त्या वर्षभर बस चालणार नव्हती. पुढे त्याने बस विकली आणि आठवण ठेवून पैसे दिले. भला माणूस.

राहिले आप्पा धुरी. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. फोनवर ते परक्यांशी बोलायचं शुद्ध मराठी बोलत. "पैसे कुठे जातात, नाना? तुमचे पैसे सुखरूप आहेत. बघूया." आमच्या सांगलीत माणूस "बघू" म्हणाला की संध्याकाळपर्यंत नाही म्हणतो आणि आपण मोकळे होतो. मालवणच्या "बघूया"ला मुदत नसते. दोन-तीन वेळा ते असंही म्हणाले, "देवाला विचारलंय." मला वाटलं, बोलायची रीत असेल. आमच्याकडे घरी विचारून सांगतो म्हणतात, तशी.

इकडे सोसायटीत माझं नाव पडलं, मालवण. "मालवण आले का?" "मालवणला विचारा." वार्षिक सभेत गच्चीची गळती, पाण्याची टाकी आणि मालवण असे तीन विषय कायमचे झाले. विचारणारे मुख्यतः राजाभाऊ. राजाभाऊ कोर्टात नाझर होते. दुसऱ्याच्या पैशावर राखण करायची हा त्यांचा जन्मभराचा उद्योग, त्यामुळे पैसे ज्याच्या हातात गेले तो माणूस त्यांना आधी दिसतो. "मी काही म्हणत नाही," ते म्हणत. "मी फक्त विचारतो." मी बँकेचा कागद दाखवला. पैसे गेल्याचं त्यांना मान्य होतं. "गेल्याचा कागद आहे. परत आले नसल्याचा कुठाय?" असा कागद कोणतीच बँक देत नाही. मी पदरचे भरून टाकतो म्हणालो, तर म्हणाले, "म्हणजे खाल्ले होते का?"

एवढ्यावर असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण दुसऱ्या लाटेत पेंडसे दवाखान्यात गेले. तिथून त्यांनी एकदा मला फोन केला. धाप लागत होती. म्हणाले, "नाना, मालवणचं काय झालं?" मी म्हणालो, "बघू या." तेवढ्यात कोणीतरी त्यांचा फोन काढून घेतला. पेंडसे घरी आले नाहीत.

तेव्हापासून मला एकच गोष्ट कळत नव्हती. ते सहलीबद्दल विचारत होते की पैशाबद्दल? सोसायटीत कोण काय समजतो याचं मला फारसं काही नाही. पण पेंडसे जाताना मला पैसे खाणारा समजून गेले असतील, तर ते कोणत्या कोर्टात दुरुस्त करून घ्यायचं ते मला माहीत नव्हतं. पेंडसेवहिनींनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी यंदाच्या फाल्गुनात मी सभेत सांगितलं, मी स्वतः जातो आणि पैसे घेऊन येतो. राजाभाऊ म्हणाले, साक्षीदार लागेल. कोणी हात वर केला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचाच केला. आणि जाण्या-येण्याचा खर्च मी माझा करणार आहे, हे त्यांनी सभेच्या कामकाजात लिहून घ्यायला लावलं.

वैभववाडी

एसटीने गगनबावडा मागे टाकला आणि ती घाट उतरायला लागली. राजाभाऊंनी पिशवीतून भडंग काढलं. सांगलीचा माणूस घाटात भडंग खातो. का, ते मला कधी कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी मला देऊ केलं. मी घेतलं. शेजारी बसून न देणं आणि न घेणं, दोन्ही अवघड.

वैभववाडीला खाली उतरलो की हवा बदलते. वर अंगाला सुकी झुळूक लागते, इथे सदरा पाठीला चिकटतो. मोहोराचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो. स्टँडवर मी कणकवलीच्या गाडीची चौकशी केली. कंट्रोलर वर न बघता म्हणाले, "येतली."

"किती वाजता?"

"इली की समजतली."

आमच्याकडे एवढं विचारलं असतं तर त्यांनी गाडीची वेळ, उशिराचं कारण, ड्रायव्हरचं गाव आणि त्यापेक्षा वडापच्या जीपने जा हा सल्ला एवढं सगळं दिलं असतं. इथे माणसं लागेल तेवढंच बोलतात. राजाभाऊंनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. आप्पा धुरींची पद्धत त्यांना बहुधा आत्ता समजायला लागली होती. गाडी आली. आल्यावर खरंच समजलं.

आप्पांचं घर

आप्पांचं गाव आचऱ्याच्या अलीकडे. त्याचं नाव देत नाही, कारण उद्या सगळे आपापल्या अनामती घेऊन तिथल्या देवाकडे गेले तर आप्पा मला बोल लावतील. घर चिऱ्यांचं, पुढे सारवलेलं खळं म्हणजे अंगण, मागे माड, आणि माडांच्या मागे लगेच समुद्र. तिथे जाईपर्यंत आप्पा म्हणजे माझ्या मनात एक लबाड डोळ्यांचा, मिशीवाला माणूस होता. प्रत्यक्षात ते बुटके, लाजाळू आणि माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे निघाले. त्यांनी दोन्ही हातांनी आमच्या पिशव्या घेतल्या.

"इलास? बरां झाला. येवा, येवा. पाय धुवा." फोनवरचं शुद्ध मराठी घरात गळून पडलं होतं.

मी लगेच विषय काढला. आप्पांच्या पत्नी, म्हणजे वैनी, तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पैशाचा बोलना जेवल्याबिगर करूचा न्हय."

म्हणून समुद्र बघायला गेलो. राजाभाऊ समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. बराच वेळ ते वाळूत उभे राहून लाटा निरखत होते. मला वाटलं, भारावले असतील. मग त्यांनी आप्पांना विचारलं, "वरून सोडलंय का?"

आप्पांना कळेना. मी समजावलं की आमच्याकडे पाणी हललं की कोयनेतून सोडलेलं असतं. आप्पा थोडा विचार करून म्हणाले, "वरसून न्हय. ह्या आपणहून येता." राजाभाऊंना ते पटलं नाही, पण त्यांनी घरापासून पाण्याचं अंतर पावलांनी मोजलं आणि रात्री पिशवी खाटेवर ठेवली.

जेवण झालं. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार, वर सोलकढी. राजाभाऊ शाकाहारी, त्यामुळे तक्रारीची त्यांची तयारी होती. सांबाराचा पहिला घास खाल्ला आणि ते गप्प झाले. चौथ्या आंबोळीनंतर म्हणाले, "आमच्याकडे असं सांबार करत नाहीत." आमच्या सोसायटीत ही मोठी शिफारस धरतात. मला वैनींनी तळलेला बांगडा वाढला. त्याबद्दल लिहीत नाही, कारण घरी हे वाचतील.

मग आप्पांनी हात पुसले, खळ्यात बसले आणि स्वतःहून विषय काढला.

टाळेबंदीत त्यांच्याकडे येणारे सगळे पाहुणे अनामत परत मागत होते. आप्पांपुढे प्रश्न होता की द्यायची की ठेवायची. लोक यायचे आहेत की नाहीत, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं, सरकारलाही नाही. मग ते गावातल्या रवळनाथाच्या देवळात गेले आणि एकेका पाहुण्यासाठी कौल घेतला. देवाच्या दगडी मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. इकडे घर बांधायचं, लग्न ठरवायचं, विहीर खणायची, सगळं असंच विचारतात.

"ज्येंचो उजवो पडलो त्येंचे पैशे दुसऱ्याच दिसा धाडलंय," आप्पा म्हणाले. "तुमचो डावो पडलो. तुमचो एकट्याचोच. मी काय करू? परत एकदा इचारलंय. परत डावो."

मी इतके महिने ॲपमधल्या बाईशी पत्रव्यवहार केलेला माणूस. मला वाटलं, निदान इथे उत्तर त्याच दिवशी मिळालं होतं. ते मला कळायला थोडा उशीर झाला एवढंच.

"मग फोनवर सांगायचं ना."

"सांगितलंय की. देवाक इचारलंय, म्हटलंय." आप्पांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "देवाचा बोलना फोनार किती सांगूचा?"

पैसे त्यांनी वापरले नव्हते. बँकेतून काढून, फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यापाशी ठेवले होते. मधल्या काळात पाहुणे बंद, मासळी पडून, तेव्हा त्यांनी मेव्हण्याकडून उसने घेतले, पण गाठोड्याला हात लावला नाही. त्यातल्या गुलाबी नोटा चलनातून जाणार असं ऐकल्यावर मात्र त्यांनी बदलून आणल्या. तेही विचारून. तो उजवा पडला होता.

 राजाभाऊंनी नाझराच्या आवाजात विचारलं, "प्रश्न नेमका काय टाकला होता?"

आप्पांनी आठवून सांगितलं, "सांगलेच्या नानांचे पैशे नानांच्या हातात परत देऊ काय?"

"आणि देव म्हणाला, नको."

"व्हय."

"नानांच्या हातात नको."

"व्हय."

राजाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. ते काही म्हणाले नाहीत, त्यांनी फक्त बघितलं. सोसायटीत जी शंका आमच्या पायऱ्यांवर फिरत होती, ती घाट उतरून माझ्याआधीच इथे येऊन बसली होती, आणि तिला आता दैवी शिक्काही मिळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा देवाने माझ्याबद्दल काहीतरी मत दिलं आणि ते हे होतं. मला फार वाईट वाटलं. ते लपवायला, जेवण झालेलं असूनही, मी दुसरा बांगडा मागितला.

काजू

कौल पुन्हा लावता येतो का, असं राजाभाऊंनीच विचारलं. देवावर त्यांचा विश्वास नाही, पण अपिलावर आहे. आप्पा म्हणाले, लावता येतो, पण आता संबंधित माणूस समोर हवा आणि गावची चार माणसं हवीत. परवा सकाळी जमेल. मधला दिवस आम्हाला मोकळा मिळाला.

त्या दिवशी आप्पांनी आम्हाला काजूच्या बागेत नेलं. डोंगराच्या उतारावर झाडं, खाली लालपिवळी फळं आणि फळाच्या बुडाला बाहेर लटकलेली बी. सांगलीला काजू पाकिटातून येतो. तो असा उलटा, घराबाहेर राहतो, हे आम्हाला नवीन होतं. आप्पा पुढे गेले होते. राजाभाऊंनी एक बी तोडली आणि, शेंगदाणा सोलताना करतात तशी, दाताने फोडली.

वैनी नंतर म्हणाल्या, इकडचं तीन वर्षांचं पोरही हे करत नाही. बीच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की भाजतं. राजाभाऊंचे ओठ पाच मिनिटांत भोपळी मिरचीसारखे झाले. वैनींनी खोबरेल तेल लावून लावून त्यांना खळ्यात बसवलं. दिवसभर ते एकही शब्द बोलू शकले नाहीत. सोसायटीच्या इतिहासात असा दिवस झाला नव्हता, आणि तो बघायला माझ्याखेरीज कोणी नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

संध्याकाळी मी त्यांना पेज भरवायला बसलो. चमचा ओठाला लागू नये म्हणून सांभाळून द्यावी लागत होती. माड हलत होते, समुद्र आपणहून येत होता. राजाभाऊंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी म्हणालो, "उद्या बोला." त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तेलाचं होतं, असं मी तेव्हा समजलो.

रवळनाथासमोर

देऊळ लहान, लाकडी खांबांचं, पुढे दगडी दीपमाळ. गावची पाच-सहा मंडळी आली होती. त्यांना बहुधा कामं होती, पण कोणी घाई दाखवली नाही. गुरव उंच, सडपातळ. त्यांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. एक जण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे होकार देतात.

"बा देवा म्हाराजा, सांगलेसून हे पावणे तुझ्या दारात इले आसत..."

"व्हय म्हाराजा."

"त्येंची वस्तू तुझ्यापाशी अडाकली आसा, ती मोकळी कर..."

"व्हय म्हाराजा."

"आणि त्येंच्या मनात जो काय किंतु आसात..."

इथे गुरव थांबले. आमच्याकडे वळून म्हणाले, "मनात किंतु आसलो तर देव जबाब देणा नाय. काय आसात तर देवाक सांगून टाका. मोठ्यान."

मी म्हणालो, माझ्या मनात काही नाही. सगळे राजाभाऊंकडे बघायला लागले. आप्पांनी त्यांना आमची हकिगत सांगून ठेवली असावी.

राजाभाऊ पुढे झाले. ओठ उतरले होते, पण पूर्ण नाही, त्यामुळे शब्द घोळून येत होते. कोर्टात उभं राहावं तसे ते ताठ उभे राहिले आणि पाकळ्यांकडे बघत म्हणाले, "मी या माणसाला सभेत पैसे खाणारा म्हणालो."

मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

राजाभाऊ जरा दचकले. प्रत्येक वाक्यावर शिक्कामोर्तब होणार आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणजे, मी म्हणालो नाही. मी फक्त विचारलं."

"व्हय म्हाराजा."

"पण तसंच म्हणायचं होतं."

"व्हय म्हाराजा."

 बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

"पेंडसे माझा मित्र. दवाखान्यातून त्याने मला फोन केला होता. म्हणाला, नानाशी बोलताना फोन मधेच काढून घेतला, तू त्याला सांग. मालवण कुठे जात नाही. पैशाची काळजी करू नकोस म्हणावं, नाना खाणाऱ्यातला नाही, तो मागायला लाजणाऱ्यातला आहे. आपण सगळे बरे झालो की जाऊ." राजाभाऊंनी ओठांवरचं तेल पुसलं.  "मी नानांना ते सांगितलं नाही. मला वाटलं, पैसे येईपर्यंत राहू दे जरा टांगणीला. मग पेंडसे गेला. मग इतका उशीर झाला की सांगायला तोंड राहिलं नाही."

 या वेळी आधी आप्पा एकटेच हलक्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि मागून सगळे म्हणाले.

मला राग आला आणि रडू आलं. आधी काय आलं ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं माझ्यासाठीचा निरोप वरच्या मजल्यावर राहत होता, जिन्यात मला भेटत होता, माझ्याकडून वर्गणीचा जाब मागत होता. राजाभाऊंना दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं. पण पेंडसे मला पैसे खाणारा समजून गेले नव्हते. ते मला लाजरा समजून गेले होते. एवढं माझ्या खात्यात जमा झालं. मी देवळाच्या खांबाला धरून उभा राहिलो.

गुरवांनी प्रश्न टाकला, "ह्या दोघांच्या हातात ह्येंचे पैशे देवचे काय?" आणि सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळी कधी पडेल याची कोणालाच खात्री नसते, आणि तिला कोणी घाईही करत नाही. राजाभाऊंनी नकळत माझा हात धरला होता. उजवी पाकळी पडली.

"पडलो उजवो," आप्पा म्हणाले आणि त्यांनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले. कदाचित त्यांनाही हे ओझं होतं. मी विचारलं, पहिल्या दोन वेळा डावा का पडला असेल? आप्पा म्हणाले, "आता माका काय म्हायत? तुमी येवक व्हये हुते, म्हणान असात." आम्ही यायला हवं होतं म्हणून, हे त्यांनी सहज सांगितलं. एसटी येतली म्हणतात, तेवढ्याच सहजपणे.

गाठोडं आम्हा दोघांच्या हातात दिलं. शब्दशः. एक टोक माझ्या हातात, एक राजाभाऊंच्या. देवाला नारळ द्यायचा होता. राजाभाऊंनी गाठोड्यातून पैसे काढून शेजारच्या घरून नारळ आणला, कारण नानांच्या एकट्याच्या हातात पैसे देऊ नयेत असा पूर्वीचा आदेश अजून रद्द झाला आहे की नाही, ते त्यांना स्पष्ट नव्हतं. वैनींनी निघताना कुळथाचं पीठ आणि आमसुलं बांधून दिली. त्याचे पैसे घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, "परत येशात तेव्हा बघूया."

कोल्हापूरपर्यंत गाठोडं राजाभाऊंच्या मांडीवर होतं, कोल्हापुरापासून माझ्या. भडंग संपलं होतं, म्हणून गगनबावड्याला उतरून वडे खाल्ले. त्यांचे पैसे राजाभाऊंनी दिले. मी दिलेत असं समजून हॉटेलवाल्याने सुटे पैसे मला परत केले. मी ते राजाभाऊंना दिले. त्यांनी मोजले नाहीत.

सभा

परत आल्यावर सभा बोलावली. राजाभाऊंनी गाठोडं टेबलावर सोडलं आणि सात वाटण्या केल्या. मोजल्यावर एका नारळाएवढी रक्कम कमी भरली. राजाभाऊंनी सांगितलं, देवाला नारळ दिला.

"पावती?" कोणीतरी विचारलं.

"नारळाची पावती नसते."

"आम्ही काही म्हणत नाही," मागच्या खुर्चीवरून आवाज आला. "फक्त विचारतोय."

राजाभाऊ लाल झाले. ओठ अजून थोडे सुजलेले असल्यामुळे ते मला त्या क्षणी फार केविलवाणे दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायची वेळ माझी होती. मला हवं असतं तर मी "बघू या" म्हणू शकलो असतो. फार दिवसांनी संधी आली होती.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नारळ दिला. माझ्या डोळ्यांदेखत दिला. राजाभाऊ म्हणतात ते खरं आहे. व्हय म्हाराजा."

शेवटचे शब्द कोणाला कळले नाहीत, पण राजाभाऊ खाली बसले. नंतर जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. ओठांमुळे नव्हे.

सगळे आपापली वाटणी घेऊन गेले. पेंडसेवहिनी मागे राहिल्या. मी त्यांना पेंडशांचा निरोप सांगितला, उशिरा मिळाला असं म्हणून. तो कोणाकडे होता ते सांगितलं नाही. ऐकता ऐकता त्यांनी टेबलावरच्या रिकाम्या फडक्याची घडी केली. मग त्यांनी आपल्या वाटणीचं पाकीट उचललं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"तुमच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "ती हॅट नुसती पडून आहे. पुढच्या खेपेला मी येईन."

आता आपली काही खैर नाही, हे माझ्या लक्षात आलं. ज्या पैशातून सुटायला मी घाट उतरून गेलो, ते पुन्हा माझ्याच हातात आले होते. मी खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"हे कशाला?" वहिनी म्हणाल्या, आणि दिवा घालवून घरी गेल्या.